नसीमबानूंचा सुभेदार कापायचा नाही

खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत नसीमबानू शिवणकाम करतात. त्यांची कात्री जिभेपेक्षा बोथट आहे, असं गिऱ्हाइकं म्हणतात. आपण फक्त ऐकलेलं सांगतो.

त्यांच्या नातीनं, मेहजबीननं, सायकलवरून पिल्लं विकणाऱ्याकडून गुलाबी रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू हट्टानं घेतलं. असली पिल्लं चार दिवसांत मान टाकतात. हे जगलं, कारण नसीमबानूंनी ते मांडीवर वाढवलं. गुलाबी रंग गेला, लाल तुरा आला, नाव पडलं सुभेदार. हा शिलाई मशीनवर बसे, बाईंच्या ताटात चोच घाली, खांद्यावर चढून कान कुरतडी. बाई कौतुकानं सांगत, "माणसाळलाय हो अगदी!"

तिथंच घोटाळा झाला. लाडावलेल्या कोंबड्याला माणसाची भीती उरत नाही. सगळी गल्ली त्याला आपलाच कळप वाटू लागली, आणि कळपात मोठा कोण हे ठरवायला त्यानं आपल्या उंचीची माणसं धरली. म्हणजे पोरं.

समोरच्या आनंदीबाईंचा नातू केयूर चार वर्षांचा. तो दाणे टाकायला वाकला आणि सुभेदारानं तोंडावर झेप घेतली. डोळ्याच्या जेमतेम खाली ओरखडा. पोर किंचाळत पळालं, तसा हा आणखी चेवानं मागे.

आनंदीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाभी, रविवारपर्यंत हा कापा. नाहीतर मी तक्रार करते."

घरातूनही साथ नाही. मुलगा शहेजाद खराडीला कामाला, तो म्हणाला, "अम्मी, बिर्याणी कर. प्रॉब्लेम सॉल्व्ह, गल्ली खूश."

"चिकन मी आवडीनं खाते," नसीमबानू म्हणाल्या, "पण याला नाही. याला मी बिघडवलंय. हाही राहील आणि पोरंही सुखरूप राहतील. कुणाला काय करायचं ते करू दे."

दुसऱ्या दिवसापासून मांडी बंद, ताट बंद. अंगणाच्या कोपऱ्यात जाळी ठोकून दाराला कडी लावली. पोरं बाहेर आली की सुभेदार आत. त्याच्या पायामागच्या काट्यासारख्या नखाचं टोक कानशीनं बोथट केलं. टोकच तेवढं, कारण आत रक्त असतं. तो अंगावर आला की बाई मागे सरकत नसत, लाथही मारत नसत. उचलून काखेत दाबत आणि धडपड थांबेपर्यंत सोडत नसत. रोज संध्याकाळी त्याला तसाच काखेत धरून गल्लीभर फिरत.

"नवीन पर्स वाटतं?" आनंदीबाई ओट्यावरून विचारत.

"हो. चोच मारणारी आहे. तुम्हाला शोभेल."

पोरांनाही सोडलं नाही. "पळायचं नाही. तोंड खाली न्यायचं नाही. मोठं माणूस नसेल तर जाळीजवळ फिरकायचं नाही. आणि जो खडा मारील, त्याची चड्डी मी शिवणार नाही!"

रविवारी आनंदीबाई आल्या, मागून निम्मी गल्ली. कुणीतरी म्हणालं, "सोडा बघू बाहेर. केयूरला उभा करा समोर, कळेल सुधारलाय का ते."

नसीमबानू कडाडल्या, "पोरावर परीक्षा घ्यायला लाज नाही वाटत? सुधारलाय असं मी म्हटलंच नाही. कोंबड्याचा भरवसा मी मुळीच देत नाही. कडीचा देते. आणि माझा."

एवढं बोलून स्वतः जाळीत शिरल्या. सुभेदार पिसं फुलवून त्यांच्या नडगीवर आदळला. बाई हलल्या नाहीत. वाकून त्याला उचललं, काखेत दाबलं. थोड्या वेळानं त्यानं मान सैल सोडली.

आनंदीबाई पुढे झाल्या, बाहेरून कडी लावून पाहिली, काढून पाहिली. मग केयूरला बोलावलं. "हात लाव रे." केयूरचा हात कडीपर्यंत आरामात पोचला.

नसीमबानूंचा चेहरा पडला.

"दुसरी कडी वर लावा," आनंदीबाई म्हणाल्या. "माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. आज. आणि रोज मी येऊन ओढून बघणार."

"या. पण कापणार नाही."

"कापा म्हटलं का मी आता? स्क्रू आहेत का घरात, का तेही मीच आणू?"