बिनमालकाची जमीन

केमन बेटांवरच्या जॉर्जटाउनच्या ऑफिसात तिला सगळे मिस झेल्मा म्हणत, आणि ते ऐकायला तिला आवडायचं. सत्तावन्न वर्षांची, लग्न न केलेली, ईस्ट एंडहून रोज बसने ये-जा करणारी बाई. तिचं काम मात्र ऐकणाऱ्याला भुताटकीचं वाटावं असं होतं. जगभरातली पोरं ब्लॉकचेनवर संघटना काढायची. त्या संघटनेला ना ऑफिस, ना अध्यक्ष. असायची ती फक्त टोकनं, म्हणजे मत द्यायचा हक्क देणारे डिजिटल बिल्ले, आणि टोकनवाल्यांची मतं. पण अशा हवेतल्या संघटनेलाही करार करायला आणि कोर्टात उभं राहायला कायद्याचं एक अंग लागतं. ते घ्यायला ती पोरं केमनला यायची आणि मिस झेल्मासमोर बसायची.

"ट्रस्ट घेऊ नका, विश्वस्त डोक्यावर बसतो," ती त्यांना सांगायची. "साधी कंपनी नको, भागधारक मालक होऊन बसतात. स्वित्झर्लंडला गेलात तर सरकारी माणूस जन्मभर नाक खुपसणार. आमचं फाउंडेशन घ्या. त्यात सभासदच ठेवायचा नाही. मालकच नसला तर हिसकावून घेणार कुणाकडून?"

हे शेवटचं वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की ते तिला स्वतःलाच पटून गेलं. गिऱ्हाईकाला सांगायच्या गोष्टी घरी आणू नयेत, एवढं साधं शहाणपण तिला सुचलं नाही.

घर म्हणजे ईस्ट एंडच्या किनाऱ्यावरची जमिनीची एक पट्टी. समोर प्रवाळाचा बांध, अंगणात दर नाताळात अंथरली जाणारी नवी पांढरी वाळू, एका कडेला इवल्या घरांसारख्या दगडी छपरांच्या कबरी. तिथे तिची आई होती, आणि आईशेजारची जागा तिच्या बापाने, कॅप्टन लडलो कॉनलीने, स्वतःसाठी राखून ठेवली होती. म्हातारा एक्क्याण्णव वर्षांचा. आयुष्य जहाजांवर गेलं, आता डोळे गेले होते. लाटेच्या आवाजावरून तो वेळ सांगायचा आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. त्याला याच घरात मरू द्यायचं आणि आईशेजारी पुरायचं, झेल्माला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

पण जमीन पणजोबाची आणि कधीच न वाटलेली. वारस टॅम्पात, रोआतानला, किंग्स्टनला पांगलेले. शेजारी हॉटेलं उभी राहू लागली तशी त्यांना जमिनीची माया फुटली. कुणीही एक वारस कोर्टात गेला असता आणि वाटणी मागितली असती, तर सगळंच विकावं लागलं असतं.

म्हणून त्या ईस्टरला सगळी भावकी नेहमीसारखी तंबू ठोकून वाळूवर राहायला आली, तेव्हा झेल्माने विषय काढला. जमीन फाउंडेशनला द्यायची. प्रत्येक वारसाला एक टोकन. कुणी कुठेही असो, मत फोनवरून द्यायचं.

टॅम्पाची चुलत बहीण मार्व्हा माशाचा काटा चोखत म्हणाली, "म्हणजे जमीन तुझीही नाही, आमचीही नाही. मग कुणाची गं बाई?"

"कुणाचीच नाही."

"ऐका! इतकी वर्षं ऑफिसात घासून हे शिकली!" सगळे खो-खो हसले.

तिचा सख्खा भाऊ वेंडेल हसला नाही. त्याने नेमकी जागा हेरली. "मालक नसेल तर देखरेखीला कुणीतरी बसवावं लागतं म्हणे. तिथे कोण, तूच ना?"

खरं तर ती खुर्ची तिच्यासाठीच होती. देखरेख करणाऱ्याला अडवायचे अधिकार ठेवता येतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मार्व्हा लगेच म्हणाली, "ना नवरा, ना पोर. हिला जमीन कशाला हवीय, थडग्यात न्यायला?" झेल्माच्या अंगाचा तिळपापड झाला. "नको मला तुमची खुर्ची!" ती ओरडली. "आमच्या ऑफिसच्या मिस्टर प्रेंटिसना बसवा. परका माणूस, त्याला तुमची वाळू खायची नाही."

स्वाभिमान म्हणतात तो हा. बाईने एका वाक्यात घर घालवलं.

फुकटात टोकन मिळतंय म्हणून शेवटी सगळे तयार झाले. मग तिने कागद केले, आणि ते तिने नेहमी करते तसेच केले. टोकन कुणालाही देता-विकता यावं, हे कलम नसेल तर तिची गिऱ्हाइकं उठून जायची. देखरेख करणाऱ्याने मतांप्रमाणेच चालावं, हेही त्यांना हवंच असायचं. दोन्ही कलमं तिच्या बोटांनी सवयीने लिहिली. वाचताना दोन्ही तिला बरोबरच वाटली, कारण दुसऱ्यांसाठी ती बरोबरच होती.

"झेल्मा, नीट आहे ना सगळं?" सही करण्याआधी म्हाताऱ्याने विचारलं.

"पापा, आता ही जमीन कुणाच्या बापाला विकता येणार नाही."

म्हातारा हसला आणि तिने बोट ठेवलं तिथे त्याने सही केली.

पहिलं टोकन विकलं ते वेंडेलने. वेंडेलच्या होडीला नवंकोरं इंजिन दिसलं तेव्हा झेल्माला कळलं. ती धक्क्यावर जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"कुणाला विकलंस?"

"मला काय माहीत? फोनवर नाव येतं का? नुसते आकडे आणि अक्षरं."

"पापांच्या घराचं मत विकलंस, लाज नाही वाटली?"

"विकता येतं असं तूच लिहिलंस ना? मला वाटलं, हुशार बाईने लिहिलंय म्हणजे विकायलाच असेल." त्याने इंजिन सुरू केलं. तिचं पुढचं बोलणं त्यात बुडालं.

मग एकेक करत निम्म्याहून जास्त टोकनं त्याच आकड्या-अक्षरांकडे गेली. पूर्वी भावकीत भांडण झालं तर दारात उभं राहून आई-बहिणीवरून उद्धार करता यायचा. इथे शिव्या द्यायलाही तोंड नव्हतं. एके दिवशी ठराव आला: जमीन विकावी, घर रिकामं करावं, कबरी सरकारी दफनभूमीत हलवाव्यात, आलेला पैसा टोकनांवर वाटावा. ठराव मंजूर झाला.

झेल्मा प्रेंटिसच्या खोलीत गेली. "तुम्ही थांबवा. देखरेखीला तुम्ही आहात."

"मी मतांप्रमाणे चालायला बांधलेला आहे," तो शांतपणे म्हणाला. "कलम तुमचं आहे. उत्तम लिहिलंय, त्यात फट नाही."

"मग मी कोर्टात जाते. वारस म्हणून."

"वारस मालकाचे असतात, मिस झेल्मा. इथे मालक कुठे आहे?"

तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा असती तर बरं झालं असतं.

एवढंच तिच्या हातात उरलं होतं: स्वतः ठराव मांडायचा, की कॅप्टन लडलो मरेपर्यंत त्याला घरात राहू द्यावं. ज्यांच्याकडे टोकनं उरली होती त्या प्रत्येक नातेवाइकाला तिने फोन केला, रडली, पाया पडायचीच बाकी राहिली. घरचे सगळे एक झाले तर त्या परक्यालाही लाज वाटेल, असं त्या वेडीला वाटत होतं.

"अगं, पण तो शंभरी गाठेल तर?" मार्व्हा म्हणाली. "रिकामं झाल्याशिवाय गिऱ्हाईक पैसे सोडत नाही. आणि त्याला दिसतं तरी कुठे? कुठलीही भिंत सारखीच."

मत एकच पडलं, तिचं स्वतःचं. म्हाताऱ्याचंही टोकन होतं, पण त्यासाठी त्याला सगळं सांगायला तिची जीभ रेटली नाही.

"नोटीस तुम्हीच करा," प्रेंटिस म्हणाला. "तुमच्याइतकी स्वच्छ नोटीस इथे कुणी लिहीत नाही. आणि ऑफिसतर्फे सहीचा अधिकारही तुम्हालाच आहे."

तिने केली. नोकरी गेली असती तर म्हाताऱ्याला घेऊन भाड्याच्या खोलीतसुद्धा जाता आलं नसतं. तिने नोटीस लिहिली, सही केली, घरी आणली.

वेंडेल आधीच अंगणात गाडी लावून बसला होता, सामान हलवायला मदत म्हणून. झेल्माने बापाला नोटीस वाचून दाखवली. म्हाताऱ्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मला कोण घालवतंय?" त्याने विचारलं.

"कुणी नाही, पापा. म्हणजे, तसा कुणी माणूस नाही."

"कागद आपोआप लिहिला जात नाही. नाव कुणाचं आहे खाली?"

वेंडेलने तिच्या हातातून कागद घेतला आणि मोठ्याने वाचलं, "झेल्मा कॉनली."

म्हाताऱ्याने त्या दिशेला चेहरा वळवला. "तुझं नाव आहे का रे यात कुठे?"

"नाही पापा. माझं कुठेच नाही."

अगदी खरं होतं ते.

"मग मला तुझ्याकडे घेऊन चल," म्हातारा म्हणाला.

झेल्मा गाडीमागे धावली, सगळं सांगत, इंजिनाचं, टोकनाचं, कलमाचं. त्यातला एकही शब्द म्हाताऱ्याला कळण्यासारखा नव्हता. पुढे तो वेंडेलच्या मागच्या खोलीत अकरा महिने जगला. झेल्मा दर रविवारी डबा घेऊन जायची, वेंडेलची बायको डबा घ्यायची आणि दार लावायची. तो मेला तेव्हा त्याला सरकारी दफनभूमीत पुरलं. झेल्माला आत घेऊ नका असं तो सांगून गेला होता, आणि वेंडेलने बापाची तेवढी एक इच्छा पाळली.