देऊळघाटची पहिली बी.ए.

एस.टी. बुलढाण्यात शिरली की माझी मैत्रीण डोक्यावरचा पदर खांद्यावर घ्यायची, आणि संध्याकाळी गावची घरं दिसायच्या आत तो पुन्हा डोक्यावर. कधी तिच्याबरोबर देऊळघाटला गेले की मी चिडवायचे, "काऊन वं, पदराले बी कंडक्टरची घंटी लागते काय?" ती हसायची आणि ठरलेलं उत्तर द्यायची, "माह्यामांगं पोरी हायत वं."

त्या बोलण्याचा अर्थ सांगते. गावातून कॉलेजात येणारी ती पहिली मुलगी. वडील माळवं पिकवायचे, वांगी-मिरच्या घेऊन बुलढाण्याच्या बाजारात बसायचे. भावकी आडवी आली तरी त्यांनी पोरीचं नाव घातलंच. गावातले बाकीचे बाप मात्र हात बांधून बघत होते. "तुह्या पोरीचं पाहू, मंग आमच्या पोरीचं," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. तिचं एक पाऊल वाकडं पडलं असतं तर धाकट्या बहिणीसकट सगळ्या पोरींची वाट बंद.

तुमच्यातल्या ज्यांनी तेव्हाची कॉलेजं पाहिली असतील त्यांना आठवेल, आम्ही मुली लेडीज रूममध्ये बसून राहायचो. सर निघाले की कोंबडीमागच्या पिलांसारख्या त्यांच्यामागून वर्गात, आणि तास संपला की त्यांच्याचमागून बाहेर. एवढ्या पहाऱ्यातही आमची मौज चाले. नायलॉनच्या साड्या आल्या, दोन वेण्या गेल्या, मॅटिनीला जाणं सुरू झालं. ती कशातच नसे. हॉटेलाची तर पायरीही चढली नाही. आम्ही कागदात भजी बांधून आणायचो, ती मात्र लेडीज रूममध्ये बसून सगळ्यांच्या आधी संपवायची. "हाटेलात बसलं तं बदनामी होते वं. भजे खाल्ले तं नाई."

संमेलनाच्या नाटकात तिने काम घेतलं नाही. पडद्याआडून वाक्यं सांगायला ती तयार झाली, कारण तिथे कोणाला दिसत नाही. नायक वडनेर भोलजीचा, होस्टेलला राहणारा, शांत मुलगा. सगळं नाटक त्याला तोंडपाठ होतं. तरी तिच्या बाजूच्या विंगेजवळ आला की गडी हमखास अडायचा. ती हळूच वाक्य सांगायची, तो ऐकून घ्यायचा, आणि मग लांबवून लांबवून म्हणायचा. दिग्दर्शक कपाळावर हात मारायचे. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं.

तेव्हा मुलगी मुलाशी एकटी बोलत नसे. दुसरी कोणी तरी शेजारी उभी राहून भलतीकडे बघायची. शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या आधी, व्हरांड्यात ती भलतीकडे बघणारी मी होते. वर्गात सगळे अहो-जाहोच करत, तसं तो म्हणाला, "तुमी फकत हो म्हना. जात आडवी आली तं रजिस्टर लगन करू. मले नोकरी लागून राह्यली."

तिने खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "मी गेली तं गावातल्या पोरी चुलीपाशी जातीन. तुमी जा आता."

तो गेला. ती लेडीज रूममध्ये येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला तिचा इतका राग आला होता! "घरी इचारून तं पाह्य," म्हटलं. "बाले इचारू? त्यानं माह्यासाठी सारं गाव अंगावर घेतलं," एवढंच म्हणाली.

ती बी.ए. झाली. वडिलांनी बाजारात पेढे वाटले आणि उन्हाळ्यात तिला सोनाळ्याच्या एका जमीनदार घरात दिली. देऊळघाटच्या पोरी मात्र एस.टी.ने येऊ लागल्या. त्यांत तिची धाकटी बहीणही होती.

त्या बहिणीने कॉलेजातल्याच दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न ठरवलं आणि सरळ बापाला सांगितलं. बाप काही दिवस अबोल राहिला, मग स्वतःच मांडव घातला. गाव पेरणीपर्यंत बोललं आणि पुढे आपल्या कामाला लागलं. एकाही पोरीचं कॉलेज सुटलं नाही.

त्या लग्नात माझी मैत्रीण पंगतीत मठ्ठा वाढत होती. मी हात धुवायला विहिरीकडे गेले, तर मागोमाग आली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "मी इचारलं असतं तं बा हो म्हनला असता काय वं?"

मांडवातून वडिलांची हाक आली, "अवं बाई, ये ना लवकर, तुह्याबिगर मी जेवत नाई." ती तशीच वळली आणि गेली.

पुढे कावीळ झाली. सोनाळ्याहून अकोल्याला न्यायला उशीर झाला, आणि ती गेली. माझी सगळ्यात शहाणी मैत्रीण गेली, अजूनही जीव तुटतो.

मी देऊळघाटला भेटायला गेले. वडील ओट्यावर बसले होते. मला पाहून बाजूची जागा हाताने झाडली. मी बसल्यावर म्हणाले, "लय गुनाची होती, बाई. साऱ्या जिंदगीत तिनं मले कधी काईच मांगतलं नाई."

हे सांगताना त्या माणसाची मान अभिमानाने ताठ झाली होती. मी खाली पाहून नुसतं हो म्हटलं.