पडद्याकडे पाठ

आमच्या पेटीमास्तरांइतके सिनेमे उभ्या परभणीत कुणी वाजवले नाहीत, आणि त्यांच्याइतके कमी सिनेमे कुणी पाहिलेही नाहीत. दिवस मूकपटांचे होते. पडद्यावरची माणसं हलायची, भांडायची, मरायची, पण तोंडातून आवाज काढायची नाहीत. ती उणीव भरून काढायला खाली आम्ही बसायचो. कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला की सरकीचं गोदाम रिकामं व्हायचं आणि गोदामाचे शेटजी त्यात सिनेमा लावायचे. जाहिरातीत 'संपूर्ण ऑर्केस्ट्रासह' असं ठळक छापलेलं असे. संपूर्ण म्हणजे पेटीवर मास्तर, तबल्यावर मी, आणि लग्नसराई नसेल तेव्हा बँडमधला एक क्लॅरोनेटवाला. मी त्या काळी करोडगिरीच्या कचेरीत, म्हणजे निजाम सरकारच्या जकात खात्यात, कारकून होतो. जेवण झाल्यावर आमच्या वरिष्ठांचे, पेशकारसाहेबांचे, डोळे मिटले की मी निसटायचो आणि दुपारच्या खेळाला तबल्यावर हजर व्हायचो.

सिनेमाला वाजवणाऱ्याने सिनेमा बघत वाजवावं, असं कुणालाही वाटेल. मास्तर पडद्याकडे पाठ करून बसत. त्यांची उमर मठातल्या शिवभजनाला साथ करण्यात गेलेली, आणि तिथे वाजवणारा मंडळींकडे तोंड करून बसतो. पहिल्याच दिवशी शेटजींनी त्यांना पेटी फिरवून घ्यायला सांगितलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "एवढी मानसं आपल्यासाठी येऊन बसलेत, आन् मी त्यांच्याकडं पाठ करून चादरीकडं बघत बसू? बेइज्जती हाय ही लोकांची." शेटजी म्हणाले, मग पडद्यावर काय चाललंय ते कळणार कसं? मास्तरांनी समोरच्या सतरंजीकडे बोट दाखवलं. "ह्यांच्या तोंडावर सगळं दिसतंय की." आणि खरंच दिसायचं. पडद्याचा उजेड पुढच्या रांगांवर पडे, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे येत, आणि तेवढ्या उजेडात मास्तर माणसं वाचत. भुवया वर गेल्या की लय वाढवायची, तोंडं उघडी पडली की सूर धरून ठेवायचा, बिड्या पेटल्या की प्रेमाचा प्रवेश सुरू झाला असं समजून काहीतरी गोडसं वाजवायचं. मी पडदा बघत असे आणि मला कबूल करायला हवं, की मास्तर माझ्यापेक्षा कमी चुकत.

चुकले ते एकदाच, पण ते पुरेसं होतं. पोखर्णीचा एक गृहस्थ दाढ काढायला परभणीत आला होता. वैद्य जेवायला गेलेला, म्हणून वेळ काढायला तो गोदामात येऊन पहिल्या रांगेत बसला. पडद्यावर नायकाचं लग्न लागत होतं, पंगती उठत होत्या, आणि हा गाल धरून डोळ्यांतून पाणी काढत होता. मास्तरांनी ते पाहिलं आणि करुण सूर धरला. पेटी रडायला लागली म्हणून शेजारचे दोघे गलबलले. ते गलबललेले पाहून मास्तरांची खात्री पटली आणि त्यांनी आणखी खोलात हात घातला. बघता बघता तीन रांगा डोळे पुसू लागल्या आणि पडद्यावर वाढपी जिलब्या वाढत राहिले. शेटजी धावत आले, पण तोवर त्यांनाही हुंदका फुटला होता. पुढल्या आठवड्यात लोक येऊन विचारू लागले, ते रडायचं लग्न पुन्हा कधी लावणार? मास्तरांना मी दाढेचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग मी काय चुकीचं वाजवलं? मानूस तर रडायलाच होता."

त्यांच्या आणखीही तऱ्हा होत्या. सुरुवात करण्यापूर्वी ते पेटीला विभूती लावत, मग माझ्या तबल्याला, आणि सिनेमाचं यंत्र हाताने फिरवणाऱ्याच्या कपाळालाही. राग ते परभणीच्या घड्याळाप्रमाणे वाजवत. पडद्यावर पहाट झालीय, कोंबडा आरवतोय, असं मी कुजबुजलो तरी त्यांचा भीमपलास ढळत नसे. "त्याच्याकडं पहाट झाली असंल. आपल्याकडं साडेतीन वाजलेत." पेटीचा एक सूर दुपारी ऊन चढलं की मधेच दबे, आणि त्याचा दोष मास्तर माझ्या तबल्याला देत. "तबलजी, तुमचा तबला उतरायलाय," असं ते भर खेळात, हसऱ्या चेहऱ्याने, लोकांकडे बघत मला सांगत. मी हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसे. तोंडं वाचायची सवय त्यांना गोदामाबाहेरही सुटली नव्हती. एकदा ते आमच्या कचेरीत आले, पेशकारसाहेबांकडे टक लावून पाहिलं आणि सर्वांसमोर म्हणाले, "साहेब, आज घरात लय बिनसलंय वाटतं." ते खरं होतं, त्यामुळे माझी दोन दिवसांची रजा नामंजूर झाली.

असल्या या माणसाला साऱ्या गावात एकच तोंड वाचता आलं नव्हतं, आणि ते त्यांच्या घरातलं होतं. पेटी मूळची काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, वडिलांची. मठात भजनाला वाजवावी म्हणून सासऱ्याने जावयाला दिलेली. मास्तरांनी ती सिनेमात नेली त्या दिवशी काकू एवढंच म्हणाल्या, "पेटी बाबाची हाय, हात तुमचे हायत." त्यानंतर सहा वर्षं या विषयावर त्या बोलल्या नाहीत. मास्तर सहा वर्षं त्या एका वाक्याचा अर्थ लावत होते. हे रागानं म्हटलं की मायेनं? काकू खेळाला मात्र न चुकता येत. पण बायकांची जागा डाव्या अंगाला, तरटाच्या पडद्याआड. पलीकडून बांगड्यांचा आवाज येई, पोरं रडत, आणि मास्तर वाजवता वाजवता त्या तरटाकडे बघत. काकू तिथे कशा बसतात, ते त्यांनी एकदा मला माझ्या बायकोला विचारायला लावलं. ती म्हणाली, काकू भिंतीला टेकून बसतात आणि पदर नाकापर्यंत ओढलेला असतो. मास्तर म्हणाले, "म्हंजे तिथंबी पडदाच."

मग बातमी आली की शेटजी बोलपट आणणार. यंत्र बोलणार म्हटल्यावर आमचं काम संपलंच. माझं काही अडलं नव्हतं, मला कचेरी होती. जुने मूकपट घेऊन गंगाखेड, ताडकळसकडे बाजाराच्या गावी हिंडणारा एक तंबूवाला मास्तरांना न्यायला तयार होता. रविवारपर्यंत होय की नाही कळवा, म्हणाला. मास्तर मला म्हणाले, "तिला हे वाजवणं गोड वाटत असंल तर जाईन. नसंल तर पेटी मठात नेऊन ठेवीन, आन् पुन्हा हात लावणार न्हाई." मी म्हटलं, मग विचारा की. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना उघड्या अंगाने बाजारात जायला सांगितलं होतं.

शेवटच्या खेळाच्या दिवशी नव्या यंत्राची खोकी येऊन पडली होती. ती ओढायला माणसांनी तरटाचे दोर सोडून घेतले आणि तरट कसंबसं सुतळीवर टांगलं. चौथं रीळ चालू असताना सुतळी तुटली आणि तरट खाली आलं. बायकांनी पदर सारखे केले आणि पुढे सिनेमा बघू लागल्या. कुणी उठलं नाही. पेटी मात्र थांबली. आयुष्यात पहिल्यांदा थांबली. मी एकटाच तबला बडवत राहिलो आणि वळून पाहिलं. काकू भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या, पदर सरकलेला, डोळे गच्च मिटलेले. मास्तरांनी पुन्हा भाता हलवला, पण उरलेला सिनेमा त्यांनी एखाद्याने उसनं काम उरकावं तसा उरकला.

आमची घरं एकाच गल्लीत. उन्हं कलताना आम्ही निघालो. मास्तर आणि मी पुढे, काकू रिवाजाप्रमाणे चार पावलं मागे. पेटी मास्तरांच्या खांद्यावर. चालता चालता त्यांनी पेटीचा खांदा बदलला. मग मला म्हणाले, पण मागे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "झोपली होती. सहा वर्षं मी वाजवलं, आन् ही झोपली. उद्या मठात देऊन येतो पेटी."

"जागी होते मी," मागून आवाज आला.

"डोळे तर मिटलेले होते."

"मिटल्याबिगर ऐकू येतंय का नीट? समोर ती मानसं नाचायलेत, ध्यान उडतंय." काकू दोन पावलं पुढे आल्या. "पत्रे तापले की खालची दुसरी काळी पट्टी अडकतीय तुमची. ह्या पोराचा तबला न्हाई उतरत. उगी बोल लावायलाव त्याला."

मास्तर रस्त्यातच उभे राहिले. "मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं का?"

मी मधेच विचारलं, "काकू, सिनेमे आवडले का पण?"

"मला काय ठावं? एकबी बघितला न्हाई मी," काकू म्हणाल्या. मग पेटीकडे बघत, "ताडकळसला तंबूत बायकांना तरट बांधतेत का हो?"

"बांधत असतेल," मास्तर म्हणाले.

"मग मी आपली पेटीजवळच बसते."

मास्तरांनी तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहिलं. मावळतीचं ऊन सरळ काकूंच्या तोंडावर होतं, वाचायला काही अडचण नव्हती. मी उगाच पुढे निघून गेलो.

ते दोघं तंबूबरोबर गेले. मी एकदा बोलपट बघायला गेलो. गाणी होती, वाद्यं तर किती होती, आमच्या क्लॅरोनेटवाल्याच्या तोंडात मारील असा क्लॅरोनेट होता. पण रडायच्या जागी मला रडू आलं, तेव्हा समोर त्याची दखल घेणारं कुणी नव्हतं. पडदा आपला त्याच्या तोऱ्यात पुढे चालला होता. मला फार एकटं वाटलं, आणि मी अर्ध्यातून उठून आलो.

वर्षभराने मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. खुशाली होती, गंगाखेडच्या लोकांची तोंडं वाचायला सोपी आहेत असं होतं, आणि खाली लिहिलं होतं: 'काळी पट्टी काढून साफ केली. आता अडकत नाही. तुमचा तबला सहाही वर्षं सुरात होता, असे ही म्हणते व मलाही ते मान्य आहे. राग नसावा.' कार्ड वाचून मी माळ्यावरून तबला काढला, धूळ झटकली, आणि लावून बघितला. तो चांगलाच उतरला होता.