मिलीमीटर आणि दाजींची रुंद चाकं

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या गॅरेजात त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला ‘मिलीमीटर’ म्हणत. बाकीचे मिस्त्री बोटांनी अंदाज घेत, हा खिशातली पोलादी पट्टी काढी. चाकाचे नट आवळून झाले, गिऱ्हाइकानं चावीही फिरवली, तरी हा पाना घेऊन पुन्हा खाली बसे. कधी तर गाडी फाटकाबाहेर पडल्यावर तिच्यामागे पळत जाऊन ती थांबवी. घरीही तीच तऱ्हा. कुलूप लावून निघाला की अर्ध्या वाटेवरून परत येऊन ते ओढून बघे. बायको म्हणे, “भिंगरी तुमच्या पायाला आहे की डोक्यात, एकदाचं ठरवा.”

याला कारण होतं. तेवीस वर्षांचा असताना, उस्तादाच्या हाताखाली शिकत होता तेव्हा, एका गाडीचं पुढचं चाक त्यानं बसवलं. दोन नट नुसते हातानं फिरवले आणि कुणीतरी बोलावलं म्हणून तसाच उठला. दोन चौक पुढे चाक निखळलं आणि कडेनं चाललेल्या एका शिंप्याचा पाय मोडला. सतरा दिवस हा शिंप्याच्या खाटेशी बसून होता. शिंपी भला माणूस, त्यानं हसून सोडून दिलं. उस्ताद मात्र याला हाकलायलाच निघाला होता. तेव्हा मध्ये पडले ते दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. “पोरगं चुकलंय, पण पळालं नाही,” एवढंच ते उस्तादाला म्हणाले आणि याची नोकरी टिकली.

तर हेच दाजी, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन सहा महिने झाल्यावर, एका सकाळी गॅरेजात आले. जन्मभर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारा, गाडी चाळिसाच्या वर न नेणारा माणूस. पण आज त्यांची गाडी पोट जमिनीला टेकल्यासारखी सरपटत आत शिरली. दुसऱ्या कुणाकडून तरी स्प्रिंगा कापून घेऊन त्यांनी ती तीन बोटं खाली उतरवली होती. डिकीत आणि मागच्या सीटवर मिळून चार जाडजूड चाकं होती, टायरसकट.

“दाजी, हे काय?”

“बसव. गाडी कशी दिसली पाहिजे? वाघ दबा धरून बसल्यासारखी.”

मिलीमीटरनं एक चाक उतरवून पट्टी लावली. मूळ चाकापेक्षा ते चांगलं चार बोटं रुंद होतं.

“हे बाहेरच्या अंगाला येणार. त्यात गाडी बुटकी केलीत. खड्ड्यात दबली की टायर वरच्या पत्र्याला घासणार.”

“मग घासू नये असं कर. तू कशाला आहेस?”

“दाजी, माझं ऐका, नको.”

दाजींनी त्या चाकावरून हात फिरवला. मग खाली बघत म्हणाले, “तेहतीस वर्षं सगळे सांगतील तसं वागलो रे. आता ही एक हौस केली, तर घरात सगळे तोंडाला पदर लावून हसतात. तू तरी हसू नकोस.”

झालं. यानं जॅक ओढला.

दिवसभर तो गाडीखाली आत-बाहेर करत राहिला. चाकाच्या वरच्या कमानीला आतून पत्र्याची एक धार असते, ती त्यानं गरम हवेनं रंग मऊ करून, रुळानं दाबत दाबत आत मुडपली. पुढची चाकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून बघितली. आत प्लास्टिकला लागत होती तिथं ते कापून काढलं. मग टायर लागला तर पुसून कळावं म्हणून कमानींना आतून खडू फासला, शेजारच्या टायरवाल्याला मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी गतिरोधकावरून नेऊन आणली. परत येऊन टॉर्च मारला. तीन कमानी कोऱ्या होत्या. मागच्या डाव्या कमानीचा खडू मात्र नखाएवढा पुसला होता.

“ही धार अजून मुडपायला हवी. उद्या दुपारी न्या,” तो म्हणाला.

“उद्या? नखभर तर आहे. मी एकटाच फिरतो, मागं कोण बसणार आहे?” दाजींनी हात पुढे केला. “दे चावी.”

त्यानं चावी दिली. देताना त्याचा हात जरा मागे राहिला होता, हे त्याला नंतर फार आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला काही सुधरेना. एका गाडीचं तेल बदलायला घेतलं आणि खाली भांडं ठेवायचंच विसरला. दहा मिनिटं एकच पाना शोधत होता, तो त्याच्याच काखेत. तेवढ्यात बायकोचा फोन आला, दुसऱ्याच कशासाठी तरी. बोलता बोलता ती म्हणाली, “ताई गेल्या वाटतं तलावाकडे. लेक, जावई, सामानसुमान, सगळी वरात दाजींच्या गाडीत.”

“मागं दोघं, वर सामान?”

“मग काय टपावर बसतील?”

 दाजी गाडी चालवताना फोन बंद ठेवत. ताईचा फोन लागेना. पाच वेळा, सात वेळा लावला. मग तो उठला, दाजींची जुनी चाकं टायरवाल्याच्या टेम्पोत टाकली, जॅक आणि पाने घेतले आणि निघाला. कुठे, किती वाजता परत, कुणाला काही सांगितलं नाही.

तलावाच्या वाटेवरच्या घाटापर्यंतचा रस्ता सव्वा तासाचा. प्रत्येक खड्ड्यावर त्याच्या मनात मागची डावी कमान खाली बसत होती. समोर गर्दी दिसली की तो टेम्पो हळू करी. एकदा कडेला लोक जमलेले दिसले, तर ते कलिंगडांच्या गाडीभोवती होते. तो स्वतःशीच मोठ्यानं बोलत होता, “एक दिवस. फक्त एक दिवस ठेवून घेतली असती तर.”

घाटाच्या पायथ्याशी त्याला ती गाडी दिसली, झाडाखाली उभी. ताई आणि लेक पायरीसारख्या दगडावर बसल्या होत्या, जावई झाडाला टेकून फोन बघत होता. दाजी एकटेच, कमरेवर हात ठेवून, डोंगराकडे बघत होते. याला बघून त्यांनी मानही वळवली नाही.

“इंजिनाला जरा विश्रांती देतोय,” ते मोठ्यानं म्हणाले. मग हलकेच, फक्त याला ऐकू जाईल असं, “तेहतीस वर्षं नळाला कान लावून गळती शोधली. मला ऐकू येत नाही होय? डाव्या बाजूनं खर्र खर्र येतंय.”

मिलीमीटर खाली वाकला. टायरचा खांदा गोल फिरून कापला होता. रबराच्या आतले धागे वर आले होते. अजून दोन वळणं, तीही घाटात, आणि टायर फुटला असता.  तो तिथंच मातीत बसला.

तेवढ्यात जावई जवळ आला. “काय झालं?”

“माझी चूक झाली,” हा पटकन म्हणाला. “काम अर्धं होतं. मी गाडी सोडायलाच नको होती.”

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. 

उत्तर ताईनं दिलं. ती दगडावरून उठून आली होती. “पुरे. तू ‘उद्या न्या’ म्हणालास, यांनी ऐकलं नाही. हे मला ठाऊक आहे, कारण ‘उद्या म्हणत होता, मी आजच आणली’ असं सांगत घरी चावी नाचवत आले होते. पण तूही तेवढ्यावर सोडलंस. भीड घरी ठेवायची असते, चाकात नाही घालायची.”

 यानं आणि दाजींनी मिळून मागची दोन्ही चाकं काढली आणि जुनी बसवली. दाजींचा पांढरा शर्ट काळा झाला. नट हा आवळत होता आणि दाजी न सांगता दुसऱ्यांदा आवळून बघत होते. काम झाल्यावर तलावाचा बेत रद्द केला, सगळी घराकडे वळली. दाजी पुढे, हा टेम्पो घेऊन त्यांच्यामागे, सबंध रस्ता मागच्या डाव्या चाकावर नजर लावून.

पुढच्या आठवड्यात गाडी तीन दिवस गॅरेजात राहिली. गाडी दोन बोटं वर उचलणाऱ्या नव्या स्प्रिंगा घातल्या, मागच्या दोन्ही कमानी पूर्ण मुडपल्या, फाटलेल्या टायरच्या जागी नवा आला. दाजी रोज येत, स्टुलावर बसून टॉर्च धरत. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “तू मला चावी द्यायला नको होतीस.”

“आणि तुम्ही मागायला नको होती.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं दाजींना उलट उत्तर दिलं होतं. म्हणून तो स्वतःच दचकला. दाजी मात्र खो खो हसत सुटले. हसता हसता टॉर्चचा उजेड सगळ्या छतावर नाचला.

शेवटी मागं तीन माणसं आणि डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या भरून त्यानं गाडी गतिरोधकावर पाच वेळा चढवली-उतरवली. कुठंही घासलं नाही. तरी चावी देताना त्यानं कागदावर लिहून दिलं, शंभर किलोमीटरवर नट तपासायला या. दाजी साठ किलोमीटरवरच आले.

महिन्याभरानं ते सगळे तलावावर गेले. त्या सकाळी मिलीमीटर फाटकापर्यंत अकरा वेळा जाऊन आला. टायरवाला मोजत होता. दुपारी ताईचा फोन आला, “पोचलो रे. सगळं नीट. तू जेवलास का?”

“जेवतोय,” तो म्हणाला.

खरं तर तेव्हा तो दुसऱ्याच कुणाच्यातरी गाडीखाली आडवा होता, तोंडात पट्टी धरून.