जाळ्याचं चिलखत

आमच्या लहानपणी कसलाही वेश करून उभं राहिलं की शेवटी संदेश द्यावा लागायचा. झाड झालेल्याने झाडे लावा म्हणायचं, पोस्टमन झालेल्याने पत्ता सुवाच्य लिहा. आवडतं म्हणून कोणीतरी व्हावं, ही गोष्ट मोठ्यांच्या डोक्यात शिरतच नसे. त्यामुळे आमच्या आवडत्या मासिकाने दिवाळीच्या सुट्टीत डोंबिवलीला वाचकांचा मेळावा जाहीर केला आणि ‘आपल्या लाडक्या पात्राच्या वेशात या’ असं छापलं, तेव्हा आम्ही दोघी वेड्या व्हायच्या बाकी होतो.

दोघी म्हणजे मी आणि माझी वर्गातली मैत्रीण. आठवीत होतो, ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी ठाण्यातल्या पगारदार माणसांच्या सोसायटीतली, ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिचे वडील होडी घेऊन जायचे, आई बाजारात मासळी विकायची. मासिक माझ्या घरी यायचं आणि मधल्या सुट्टीत आम्ही ते एका बाकावर बसून वाचायचो. त्यात पाण्याखालच्या राज्याची एक चित्रकथा क्रमशः यायची. तिची नायिका म्हणजे त्या राज्याची सेनापती. अंगात चिलखत, हातात भाला, बोलणं जवळजवळ नाहीच. मैत्रिणीला ती इतकी आवडायची की चित्रं बघताना तीही तिच्यासारखी मान वळवून बसायची. मेळाव्यात ज्यांचा वेश सर्वांत चांगला, त्यांना चित्रकार पुढे कथेतच काढणार होते. तिला तेवढंच हवं होतं. बक्षीस नको, कौतुक नको, त्या पानात जायचं होतं.

मी सेनापतीची हेर व्हायचं ठरवलं. मोडक्या छत्रीचं काळं कापड पाठीवर बांधलं की झाली हेर. अडलं ते चिलखताचं. चित्रात ते बारीक चौकटीचौकटींचं होतं. मी साखळ्या, पत्र्याच्या पट्ट्या, काहीबाही सुचवत राहिले. तिने अंक डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, “अगं, जालंच हाय हे.”

वडिलांचं एक फाटकं जाळं तिने मागून घेतलं. दुहेरी घडी घालून अंगाच्या मापाने कापलं आणि घरात ज्या लाकडी सुईने जाळी दुरुस्त करत, त्याच सुईने खांदे आणि बाजू विणून काढल्या. खालच्या काठाची शिशाची वजनं तशीच ठेवली, म्हणून ते अंगावर जड आणि सरळ पडायचं. जाळं तरंगत ठेवणारा प्लास्टिकचा गोळा अर्धा कापून त्याचं शिरस्त्राण केलं. माझ्या वडिलांनी वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या कारखान्यातून खांद्यांसाठी पत्र्याचे दोन तुकडे आणि डबाभर चंदेरी रंग आणून दिला.

रंगवण्याआधी प्रश्न होता वासाचा. आमच्या गच्चीवर वाळत घातलेलं जाळं बघून आई म्हणाली, “तो वास घरात येता कामा नये हं.” मैत्रीण समोरच उभी होती. आमची आई तशी वाईट नव्हती, फक्त नाकाने कांदे सोलायची. मैत्रिणीने जाळं तीनदा साबणाच्या पाण्यातून काढलं आणि दर वेळी माझ्या नाकाशी धरून विचारलं, “गेला?” तिला स्वतःला तो वास येतच नव्हता. तिसऱ्यांदा मी “गेला” म्हटलं. गेला नव्हता.

आईने मला संदेशही लिहून दिला, शत्रूवर नजर ठेवा, देश सुरक्षित ठेवा. तू काय म्हणणार, असं मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, “सेनापती कशाला भाषण करंल?” मला ते बरोबर वाटलं, पण मी माझा संदेश पाठ केलाच.

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. पहिला तासभर आम्ही जे सुख भोगलं, तसं मला पुढे फारसं मिळालेलं नाही. आम्ही कपडे बदलून दारातून आत शिरलो आणि कोणीतरी ओरडलं, “सेनापती आली रे!” कोणाला काही सांगावं लागलं नाही. पोरांचा गराडा पडला. टिटवाळ्याहून आलेल्या एका मुलीने चिलखत अंकातल्या चित्राशी ताडून पाहिलं आणि “एकदम सेम” असा निकाल दिला. खुद्द चित्रकार आले. जाळं बोटांत धरून म्हणाले, “असं पडलेलं मला कागदावर जमत नाही.” मैत्रीण हसली नाही, कारण सेनापती हसत नाही. पण तिचे कान लाल झाले होते.

मग स्पर्धा सुरू झाली. परीक्षक म्हणून एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना बोलावलं होतं. त्यांनी ते मासिक कधी उघडलंही नसावं. मी नाव सांगितलं, संदेश दिला, टाळ्या घेतल्या आणि स्टेजवरच बाजूला उभी राहिले. मैत्रीण माइकपुढे आली. तिने नाव, आडनाव, ठाण्यातला कोळीवाडा सांगितला आणि भाला टेकून, मान वळवून उभी राहिली.

“अगं बाई, म्हणजे खरीखुरी कोळीण!” बाई खूश झाल्या. “म्हणून जाळं होय! पण मग तुझी टोपली कुठे आहे?”

सभागृह हसलं. कोळीण हा तर अशा स्पर्धांतला हुकमी वेश. दरवर्षी कोणीतरी हिरवं लुगडं नेसून पापलेट घ्या म्हणून ओरडतंच. मैत्रीण म्हणाली, “मी सेनापती आहे.” इतकं हळू, की माइकलाही पकडता आलं नाही, फक्त मला ऐकू आलं.

“लाजू नकोस बाळ. घरच्या धंद्याची कसली लाज? म्हण पाहू, ताजी मासळी घ्या.” ती भाला टेकून तशीच उभी. बाई माझ्याकडे वळल्या. “तू हिची मैत्रीण ना? कोळीणच झाली आहे ना ही?”

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, “हो बाई.”

का म्हटलं, याची उत्तरं मी अनेक वर्षं तयार केली. मोठ्यांची चूक दाखवायची नाही, हे आमच्या घरचे संस्कार. संस्कार या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे. पण ते कारण अर्धंच खरं. बाई खूश होत्या आणि मलाही त्या पानात जायचं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या क्षणी मला जाळ्याचा वास आला आणि वाटलं, बाईंचं असं काय चुकलं? मी शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही. चित्रकारांना सगळं माहीत होतं, तेही मूग गिळून बसले. त्यांच्यावरचा राग अजून आहे, पण तो मला सोयीचा आहे हेही मला कळतं.

पहिलं बक्षीस आम्हाला जोडीने मिळालं. हेर आणि कोळीण. ठाण्याला येईपर्यंत मी एकटीच अखंड बडबडत होते.

दोन महिन्यांनी अंक आला. पाण्याखालच्या राज्याचा बाजार भरला आहे. सेनापतीच्या कानाशी लागून हेर काहीतरी सांगते आहे, तिला हुबेहूब माझा चेहरा. आणि मागे डोक्यावर टोपली घेतलेली एक मासळीवाली आहे, तिला माझ्या मैत्रिणीचा.

चार दिवस मी तिला शाळेत टाळलं. मग राहवेना, म्हणून कोळीवाड्यात गेले. तोवर मी तिच्या घरी कधी गेले नव्हते. बक्षीसवाल्यांना अंक पोस्टाने आला होता, त्यामुळे तिने चित्र पाहिलेलं होतं. नुसतं पाहिलेलं नाही, ते पान तिच्या आईने कापून देवांशेजारी भिंतीवर चिकटवलं होतं. त्या मला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेल्या. “बग गो, माझी पोर पुस्तकान आली. टोपली बग कशी घेतलीय, माझ्यासारखीच.” मला चहा दिला, बिस्किटं दिली. मैत्रीण दारात उभी होती.

ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, “माझं चुकलं. मी त्या बाईंना सांगायला पाहिजे होतं.”

“तुझ्यावर राग होता, तो गेला,” ती म्हणाली. “पन आयस येल त्याला ते पान दाखवते. आख्खी गल्ली बघून गेली. आता तिला कसं सांगू, का मना तिच्यासारखं नव्हतं व्हायचं?”

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. मागून तिच्या आईने हाक मारली आणि ती गेली.