काकूंची फौजदारकी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरकाकांनी ज्याला सोंग घ्यायला लावलं नाही, असा माणूस अख्ख्या मुरलीपुऱ्यात शिल्लक नसेल. काका मूळचे नागपूरचे. जन्म भूलतज्ज्ञ म्हणून जयपूरच्या दवाखान्यांत गेला आणि निवृत्त झाल्यावर सगळा जीव त्यांनी एका जुन्या चौकोनी कॅमेऱ्यात ओतला. तो गळ्यात अडकवायचा आणि विहिरीत वाकून पाहावं तसं वरून त्यात पाहायचं. रोल रुंद, महागडा आणि त्यात फोटो फक्त बारा, त्यामुळे काका कोणाला काय करायचं याचा महिना महिना विचार करत. दूधवाल्याला त्यांनी सरदार केलं, सोसायटीच्या सेक्रेटरींना दरोडेखोर (त्यांना रंगरंगोटीची फारशी गरज पडली नाही) आणि मला दर वेळी मुनीम. राजा का नाही, असं विचारलं की म्हणायचे, "तुमच्या चेहऱ्यावर हिशेब आहे हो." कित्येक वर्षं मुनीमगिरी केल्यावर गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला एकदाचं राजा केलं. भाड्याच्या फेट्यानं कपाळावर पुरळ उठलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

त्यांची पद्धत थेट ऑपरेशन थिएटरातली. माणसाला सजवून खुर्चीत बसवायचं आणि सांगायचं, "दहापासून उलटे आकडे म्हणा." सात आले की खटका. तोवर माणूस स्वतःचा फोटो निघतोय हे विसरतो, असा त्यांचा सिद्धांत. दूधवाल्यानं आधीच हात जोडले होते, "साब, बेहोश तो नहीं करोगे?" आणि तरी तो आठलाच पेंगला.

या सगळ्यातून सुटल्या होत्या त्या फक्त काकू. संसारभर त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली. मग एकदा भाजी निवडता निवडता त्या सहज म्हणाल्या, "मी पोलिसातली लेखी परीक्षा पास झाली होती जी. फौजदार झाली असती. मग तुमचं स्थळ आलं." हे काकांना इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. चेष्टेशिवाय घास न गिळणारा हा माणूस दोन दिवस मुकाट जेवला आणि तिसऱ्या दिवशी फॅन्सी ड्रेसच्या दुकानातून खाकी वर्दी घेऊन आला. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली. "एकच डाव बसते. परत म्हणायचं नाही."

कानोत्याच्या बंधाऱ्यावर आम्ही तिघं गेलो. उजेड परतवायला पांढरी चादर धरायचं काम माझं. काकू वर्दीत गाडीतून उतरल्या मात्र, बांधावर बाटल्या उघडून बसलेलं एक टोळकं "सॉरी मैडम" म्हणत बाटल्यांसकट पसार झालं. काकूंची मान तिथेच ताठ झाली. त्यांनी आकडे म्हणायला सुरुवात केली, पण सातला खटका पडलाच नाही. काका कॅमेऱ्यात वाकलेलेच. सहा, पाच करत काकू एकपर्यंत आल्या आणि कडाडल्या, "झोपले का जी?" तेव्हा खटका पडला. बाराही फोटो असेच, ओरडा खाऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका न्हाणीघरात रोल धुवायला बसले, मी मदतीला. आधी चित्र उमटवणारं औषध ओतायचं, मग ते पक्कं करणारं. उलट झालं तर फिल्म कोरी. जन्मभर ज्यांनी एका सुईत गफलत केली नाही, त्यांच्याकडून त्या दिवशी नेमकं उलट झालं. फिल्म काचेसारखी स्वच्छ निघाली. काका पाटावर बसून राहिले. मला म्हणाले, "तिला तुम्ही सांगा. माझ्यानं नाही होणार."

मी पाय ओढत स्वयंपाकघरात गेलो आणि सांगितलं. काकूंनी पोळी उलटली. "माझा रोल कसा जाईल? तो मी कालच यांच्या खिशातून काढून फ्रिजमध्ये ठेवला, मेथीदाण्याच्या डब्यात. यांच्या खिशावर माझा भरोसा नाही. खिशात उरला होता तो तुमचा, राजाचा, हिवाळ्यापासून धुवायचा राहिलेला."

म्हणजे माझं राज्य बुडालं होतं. पण खरं सांगतो, इतक्या आनंदानं राज्य गमावलेला राजा राजपुतान्यात झाला नसेल. मी धावत जाऊन काकांना सांगितलं, तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि लहान मुलासारखे रडले. तो दुसरा रोल काकूंनी न्हाणीघराच्या दारात उभं राहून, बाटल्यांवरची नावं मोठ्यानं वाचायला लावून धुवून घेतला.

आता त्यातला एक फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे. बांधावर उभी असलेली, कोणालाही न भिणारी एक बाई. सातला खटका का दाबला नाहीत, असं मी एकदा काकांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "सातला तिथे माझी बायकोच उभी होती हो. मला ती दुसरी पाहायची होती. माझ्यामुळे राहून गेलेली."

अजूनही त्या फोटोपुढून जाताना काका शर्टाचं वरचं बटण लावून घेतात.