मोठी पहिली, लहानी दुसरी

आमच्या घरात 'मोठी' म्हणजे मी. धाकटी बहीण ती 'लहानी'. तिला रावेरला दिली, दोन मुलांची आई झाली, वजनानं माझ्या दीडपट झाली, तरी नाना तिला लहानीच म्हणायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ ह्या एका शब्दानं घातला. आजही कुणी मला "ती मोठी पिशवी दे" म्हटलं की मी विचारते, मोठी म्हणजे कशी मोठी? लोकांना वाटतं बाई खवचट आहे. वाटू दे.

नव्वदीच्या मध्यातली गोष्ट. मी धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत गणित शिकवायचे, लग्न केलेलं नव्हतं, आणि रिकाम्या वेळात कॉम्प्युटर जुळवायचे. विकत घ्यायचे नाही, जुळवायचे. माझा आतेभाऊ जळगावला एका पाइपच्या फॅक्टरीत कॉम्प्युटर खात्यात होता. तिथली जुनी मशीनं मोडीत निघाली की साहेबाला विचारून तो एखादा बोर्ड, एखादी डिस्क माझ्यासाठी बाजूला काढायचा. हे सगळं बसवायचा डबा मात्र मी आमच्या गल्लीत धान्याच्या कोठ्या करणाऱ्याकडून करून घेतला होता. त्यानं हाताच्या सवयीनं वर झाकण बसवलं आणि झाकणाला कुलूप घालायची कडीसुद्धा. आई म्हणायची, "ह्यात ज्वारी किती मावेल गं?"

नाना म्हणजे माझे वडील. साक्री-शिरपूरकडच्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. नोकरीभर त्यांनी पोरांच्या तोंडातलं अहिराणी 'शे' काढून तिथं 'आहे' बसवलं. कुणी 'बठ्ठं' म्हणालं की हातावर छडी, "सगळं म्हण!" आणि रिटायर झाल्यावर ह्याच गृहस्थांना अहिराणीचा असा उमाळा आला की विचारू नका. वहीत शब्द लिहायला लागले. मी चिडवायचे, "नाना, आता छडी कुणाला मारायची?" ते म्हणायचे, "मालेच मार." मलाच मार म्हणजे.

वहीपुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण मला अवदसा आठवली. म्हटलं, नाना, शब्द नुसता लिहून काय उपयोग, तो ऐकू आला पाहिजे. आतेभावानं एक आवाजाचं कार्ड दिलं होतं, टेपरेकॉर्डरचा माइक घरात होता. नाना खुर्चीत ताठ बसायचे, वर्गात बसावं तसे. आमची पद्धत ठरलेली. आधी शब्द म्हणायचा, मग त्या शब्दाचं एक छोटं वाक्य. "गारा. आंगनमा गारा शे." मी म्हटलं, अंगणात गारा पडल्यात? नाना हसून हसून बेजार. अहिराणीत गारा म्हणजे चिखल! एकच शब्द, पण तिकडे आभाळातून पडतो आणि इकडे पायाला लागतो. त्या वेळी मीही हसले. शहाणी असते तर तेव्हाच सावध झाले असते.

तुम्ही म्हणाल, कॅसेटवर का नाही केलं? अहो, कॅसेटमध्ये एक शब्द शोधायचा म्हणजे मागे-पुढे करता करता चहा गार होतो. इथं यादीतून शब्द निवडला, बटण दाबलं की नाना बोलायचे. पण आवाज फार जागा खातो. महिनाभरात डिस्क भरली. आमचं काम थांबलं.

आणि त्याच सुमारास नानांना लकवा मारला. जीव वाचला, हातपाय हळूहळू हलायला लागले, पण तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि जीभ जड झाली. तो खणखणीत आवाज, जो शाळेच्या पटांगणातून गावाच्या पाणवठ्यापर्यंत जायचा, तो गेला. डॉक्टर म्हणाले, "त्यांना बोलतं ठेवा." मी माइक पुढे केला की नाना मान हलवून तो बाजूला सारायचे. लाज वाटायची त्यांना स्वतःच्या आवाजाची. दुपारी आई पदर खोचून यायची आणि हळूच म्हणायची, "त्यांचा आवाज लाव गं जरा." मी लावायचे. नाना आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकायचे, मधूनच मान डोलवायचे. म्हणजे बघा, नानांचा धड आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, त्या ज्वारीच्या कोठीतल्या जुन्या डिस्कवर. दुसरी प्रत नव्हती. फ्लॉपीत चार शब्द मावायचे आणि फ्लॉपीला बुरशी लागायची.

म्हणून मी दुसरी डिस्क बसवायचं ठरवलं. जुन्या आवाजाची प्रत तिच्यावर ठेवायची, आणि नाना मानलेच तर नव्या शब्दांना जागा. आतेभाऊ म्हणाला, ये घेऊन जा. एका शनिवारी मी जळगावला गेले. डिस्क बघून मला हसूच आलं. आमची जुनी विटेएवढी जाडजूड, आणि ही चपटी, सडपातळ. तो म्हणाला, "हिच्यात तुझ्या जुनीच्या दहापट मावतं." मी ती पंच्यात गुंडाळली आणि एस्टीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, देव आहे का? मी म्हटलं, हो.

त्यानं एक फ्लॉपीही दिली होती. फॅक्टरीत नवं मशीन आलं की ते हीच फ्लॉपी घालायचे. ती काही विचारत-बिचारत नसे, पहिल्या नंबरची जी डिस्क असेल ती धुऊन पुसून साफ करायची आणि वर फॅक्टरीचे प्रोग्रॅम ठेवायची. "तुला काही करायचंच नाही," तो म्हणाला, "नवी डिस्क तयार होईल, मग तिच्यावर जुनीतलं उतरवून घे."

घरी येऊन रविवारी सकाळी कोठीचं झाकण उघडलं आणि माझं डोकं गरगरायला लागलं. दोन्ही डिस्कना एकच चपटी वायर. मग पहिली कोण आणि दुसरी कोण? डिस्कच्या मागे बारीक काड्या असतात, त्यावर मुगाएवढी प्लास्टिकची टोपी. टोपी कुठल्या काडीवर बसवली त्यावर नंबर ठरतो. टोपी काढताना एक उडाली ती थेट तांदळाच्या सुपात. आई आणि मी तांदूळ निवडावेत तशी ती शोधत बसलो. सापडली, पण कुठली टोपी कुणाची ते आता देवाला ठाऊक!

मी समोरच्या एसटीडी बूथवर गेले आणि आतेभावाच्या घरी फोन लावला. मीटरचे लाल आकडे पळत होते, त्यामुळे दोघंही घाईत.

"अरे, नंबर कसे लावू?"

"सोपं आहे. मोठी पहिली लाव, लहानी दुसरी."

"नक्की?"

"हो."

"मोठी म्हणजे मोठीच ना?"

"अगं हो बाई, मोठी म्हणजे मोठी! किती डोकं खातेस!"

फोन ठेवला. मनात कुठेतरी खटकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मी विचार केला तो असा. मोठी म्हणजे कोण? आधी आलेली. घरात मी मोठी, कारण मी आधी आले. जुनी डिस्क आधी आली, वर आकारानंही तीच मोठी. नवी तर हडकुळी, नुकतीच घरात आलेली, ती लहानीच. पहिला मान मोठीचा, ह्यात शंका काय? मी जुनीला पहिला नंबर दिला, नवीला दुसरा. झाकण लावलं, कडीसुद्धा घातली. फ्लॉपी सरकवली आणि मशीन चालू केलं.

डिस्क घुरघुरू लागली. पडद्यावर टक्के चढत गेले, मी खुशीत चहा टाकला. आई म्हणाली, "झालं का?" म्हटलं, होतंय. पंधरा-वीस मिनिटांनी पडद्यावर फॅक्टरीचा मेनू आला, पाइपचा साठा, पाइपची मागणी. मला काही कळेना. मी तर नानांची यादी शोधत होते. पहिल्या डिस्कवर नानांचं नावही नाही. दुसरीत बघितलं, ती रिकामी, भली मोठी रिकामी. मी परत पहिलीत आले. परत दुसरीत गेले. मला वाटलं, वायर उलटी लागली असेल. वायर काढली, लावली. मला वाटलं, टोप्यांची अदलाबदल झाली असेल. मशीन बंद केलं, चालू केलं. पाइपचा साठा, पाइपची मागणी. डोकं अजून मानत नव्हतं. आवाज कुठं जाणार? इथंच कुठेतरी असणार, मलाच दिसत नाही.

पळत बूथवर गेले. चप्पल घातली नव्हती हे परत आल्यावर कळलं.

"अरे, नानांचे शब्द दिसत नाहीत."

"कुठल्या डिस्कवर?"

"पहिल्या. मोठीवर."

"मोठीवर कसे असतील? मोठी तर नवी."

"नवी कशी मोठी? मोठी जुनी!"

पलीकडून तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "अगं, मोठी म्हणजे… जास्त मावतं ती मोठी."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बूथवाला उठून बाहेर जाऊन उभा राहिला. खरं तर त्याची काय चूक? त्यानं सांगितलं तेच मी केलं आणि मी केलं तेच त्यानं सांगितलं होतं. अजूनही मला ह्यात दोष कुणाचा ते नीट ठरवता येत नाही, आणि मग मी सगळा स्वतःवर घेते. तो पुढच्या रविवारी जळगावहून आला, दोन तास मशीनपुढे बसला. डिस्कच्या पोटातून त्यानं काही तुकडे वर काढले. लावले तर नुसती खरखर. निघताना नानांच्या पाया पडला.

पण नानांना सांगायचं काम माझंच होतं आणि मी ते आठवडाभर टाळत होते. दुपारी आई म्हणायची, "लाव ना." मी म्हणायचे, मशीन बिघडलंय. आतेभाऊ परत गेला त्या संध्याकाळी मी नानांच्या खाटेजवळ बसले. कसं सांगू? ततपप होत होतं. शेवटी एका दमात सांगितलं. नवी डिस्क, जुनी डिस्क, मोठी, लहानी, फ्लॉपी, सगळं. त्यांना काय कळलं असेल, देव जाणे. त्या जड जिभेनं त्यांनी एकच शब्द विचारला.

"बठ्ठं?"

"बठ्ठं गयं, नाना."

आणि मला रडू कोसळलं. वर्गात पोरांना धाक दाखवणारी मी, हुंदके देऊन रडले. म्हटलं, मारा मला, छडी आणून देते. आई दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. नानांनी उजव्या हातानं खाटेवर थापटलं, मला उठव म्हणून. मी त्यांना धरून मशीनपुढच्या खुर्चीत बसवलं. ताठ बसता येत नव्हतं, पाठीला उशी दिली. त्यांनी माइककडे बोट केलं. तोच माइक, जो ते आजवर मान हलवून बाजूला सारत होते.

"नाना, राहू दे. नंतर."

"लाव."

मी लावलं. नव्या डिस्कवर पहिलाच आवाज. नानांनी घसा साफ केला, तोंड सरळ करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग म्हणाले, "मोठी."

मी थांबवलं. "नाना, हा शब्द मराठीतही आहे. अहिराणीतला सांगा."

वर्गात मध्येच बोलणाऱ्या पोरीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. परत लाव, अशी खूण केली. मी परत लावलं. आमची पद्धत ते विसरले नव्हते. आधी शब्द, मग वाक्य.

"मोठी," नाना म्हणाले. दम घेतला. "मोठी आठे शे."

मोठी इथं आहे.

त्यानंतर नानांनी दीड वर्षात बरेच शब्द सांगितले, वाकड्या जिभेनं, अडखळत, पण सांगितले. ती डिस्कही पुढे गेली, पण मी शहाणी झाले होते, प्रती काढून ठेवल्या होत्या. नानांचा खणखणीत आवाज मला आता नीट आठवतही नाही, हा जडच आठवतो. पहिल्या फाईलमध्ये त्या वाक्यानंतर थोडा वेळ पंखा ऐकू येतो आणि मग कुणीतरी जोरात नाक ओढतं. ती मी आहे. ते मी कापलं नाही.